परवडणाऱ्या घरांसाठी विकास आराखड्यात बदल कसा सुचवावा

शहरात घरे महाग का, या प्रश्नावरची चर्चा बहुधा सिमेंट, स्टील आणि कर्जाच्या व्याजदरापाशी येऊन थांबते. जमीन महाग आहे हेही सगळे मान्य करतात. मात्र त्या जमिनीवर किती मजले चढतील, किती लहान घर कायदेशीर ठरेल, समोरचा रस्ता किती रुंद असला पाहिजे आणि गाड्यांसाठी किती जागा सोडावी लागेल, हे ज्या कागदांवर ठरते ते कागद सहसा कोणी उघडून पाहत नाही. महाराष्ट्रात हे कागद दोन आहेत. एक विकास आराखडा, म्हणजेच रंगीत नकाशा. दुसरा विकास नियंत्रण नियमावली, म्हणजेच नियमांचे जाडजूड पुस्तक. परवडणाऱ्या घरांसाठी स्थानिक पातळीवर काही बदल घडवायचा असेल तर आपली मागणी यांपैकी कोणत्या कागदात बसते, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक हरकती फेटाळल्या जातात त्या मागणी अयोग्य असते म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या कागदावर आणि चुकीच्या दारात केलेली असते म्हणून.

हे टिपण गृहनिर्माण संस्था, कामगार संघटना, वस्तीतील मंडळे आणि नव्याने निवडून आलेले नगरसेवक यांच्यासाठी आहे. बृहन्मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे. तेथे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 लागू आहे. उर्वरित राज्यात काही अपवाद वगळता डिसेंबर 2020 पासून एकच एकत्रिकृत नियमावली चालते. पुढील मांडणी मुख्यत्वे या दुसऱ्या गटातील शहरांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

नकाशा कोणाचा, पुस्तक कोणाचे

नकाशा स्थानिक संस्थेचा असतो. कोणता पट्टा पिवळा म्हणजे रहिवासी, कोणता हिरवा म्हणजे शेतीचा, कोणता रस्ता 9 मीटरचा आणि कोणता 12 मीटरचा, कोणत्या गटावर शाळेचे, बागेचे किंवा घरांचे आरक्षण, हे सर्व महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार महानगरपालिका किंवा नगरपरिषद प्रस्तावित करते आणि राज्य शासन मंजूर करते. पुस्तक मात्र राज्य शासनाचे आहे. त्यातील चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), पार्किंगचे प्रमाण किंवा अधिमूल्याचा (वाढीव बांधकामासाठी भरायच्या रकमेचा) दर आपल्या नगरपरिषदेने एका ठरावाने बदलून टाकावा असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण तो अधिकार तिला नाही. फार तर ती फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवू शकते.

म्हणून मागण्यांची यादी करताना कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी. डावीकडे नकाशातल्या मागण्या, उजवीकडे पुस्तकातल्या. डावी बाजू हरकती-सूचनांच्या मुदतीत द्यायची. उजवी बाजू सर्वसाधारण सभेच्या ठरावामार्फत, आमदारांमार्फत किंवा थेट नगरविकास विभागाकडे न्यायची. सभागृह अस्तित्वात नसेल तर प्रशासकाकडे निवेदन द्यावे लागते, तरीही रेघ तीच राहते.

आधी जमवायचे कागद

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते आणि ती जाहिरातीत दिलेली असते. त्या मुदतीत अभ्यास सुरू करणाऱ्याला उशीर झालेला असतो. आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारायचा असतो आणि त्याआधी तो सुधारण्याचा इरादा जाहीर होतो, विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण होते. जागे व्हायचे ते इरादा जाहीर होतो तेव्हा.

विद्यमान भूवापर नकाशा, प्रस्तावित भूवापर नकाशा आणि आराखड्याचा अहवाल हे तीन दस्तऐवज मिळवावेत. अहवालाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण खरी मेख तिथेच असते. पुढील वीस वर्षांची लोकसंख्या किती धरली आहे, त्यासाठी किती घरे लागतील असे म्हटले आहे आणि त्यांपैकी आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी किती जमीन दाखवली आहे, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. गरज एका पानावर मान्य केलेली आणि तिच्यासाठीची जमीन कोणत्याच पानावर नाही, असे आढळले तर आपली सर्वांत भक्कम सूचना तिथेच तयार झाली असे समजावे. कारण ती अहवालाच्याच शब्दांत मांडता येते.

त्यानंतर ज्या दोन-चार जागांविषयी बोलायचे आहे, त्यांचे सातबारा किंवा मिळकत पत्रिका, झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातील तेवढाच भाग) काढून घ्यावा. शेवटी पायी फिरावे. नकाशावर रिकामा दिसणारा हिरवा गट प्रत्यक्षात चारही बाजूंनी घरांनी वेढलेला असतो आणि पिवळ्या रंगातला मोठा तुकडा प्रत्यक्षात ओढ्याचे पात्र असते, हे अनुभव अपवादात्मक नाहीत.

रस्त्याच्या दीड मीटरचा हिशेब

एका ठिकाणी थोडे थांबून आकडेमोड करणे आवश्यक आहे, कारण स्थानिक संस्थेच्या हातात असलेली सर्वांत प्रभावी गोष्ट निर्देशांक नसून रस्त्याची रुंदी आहे.

समजा, महानगरपालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर 400 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्याची रस्त्यालगतची बाजू 20 मीटर आहे. समोरचा रस्ता 7.5 मीटरचा असेल तर एकत्रिकृत नियमावलीनुसार मूळ निर्देशांक 1.1 मिळतो, अधिमूल्य भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क) घेऊन तो वाढवता येत नाही. म्हणजे पूरक क्षेत्र (जिने, बाल्कनी इत्यादींसाठी मिळणारे जादा क्षेत्र) बाजूला ठेवले तर 440 चौरस मीटर, ढोबळमानाने प्रत्येकी 40 चौरस मीटरची अकरा घरे. तोच रस्ता 9 मीटरचा असता तर अधिमूल्याचे 0.5 आणि टीडीआरचे 0.4 मिळून निर्देशांक 2 पर्यंत जातो. तेव्हा क्षेत्र 800 चौरस मीटर होते आणि घरे वीस. दोन्ही परिस्थितींतला फरक दीड मीटर रस्त्याचा आहे. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा वाटून घेतला तर आपल्या भूखंडाची पाऊण मीटरची पट्टी जाते, म्हणजे 15 चौरस मीटर.

यामुळे आराखड्यात सहा ते साडेसात मीटरचे जे रस्ते वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले असतात, त्यांपैकी कोणते 9 मीटर करता येतील याची यादी देणे ही अत्यंत उपयोगी सूचना ठरते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 नुसार रस्त्याची नियमित रेषा आखूनही हे साधता येते. पुण्यात 2020 साली सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यावरून वादही झाला, आणि तो वाद निराधार नव्हता. रुंदीकरणामुळे लाभ कोणाला होईल, जुन्या भाडेकरूंचे काय आणि वाढीव घरांना पाणी कुठून येणार, हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. सूचना देताना यांची उत्तरे सोबत द्यावीत: अमुक रस्त्याखाली मलवाहिनी आहे, अमुक टाकीपासून तो इतक्या अंतरावर आहे, दोन्ही बाजूंच्या इतक्या घरांची भिंत रेषेत येत नाही.

येथेच एक इशारा देणे भाग आहे. निर्देशांक वाढला की घर स्वस्त होते, हे गृहीतक अर्धेच खरे आहे. वाढीव क्षेत्राची बातमी फुटताच जमिनीचा भाव चढतो आणि लाभाचा मोठा हिस्सा मूळ मालकाच्या खिशात जातो. म्हणून नुसते वाढवून मागू नये. वाढीव क्षेत्रातील ठरावीक हिस्सा लहान घरांसाठी राखण्याची अट त्याच वाक्यात घालावी. रहिवास विभागात समावेश मागतानाही हेच करावे, कारण हिरव्याचा पिवळा झाल्याने जमिनीची किंमत क्षणात वाढते आणि त्या क्षणी समाजाला आपला वाटा मागता येतो. एकदा बदल मंजूर झाला की मागण्यासारखे काही हातात उरत नाही.

लहान भूखंड आणि गुंठेवारी

एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, जुन्या मापात 1089 चौरस फूट. कष्टकरी कुटुंबाला परवडते ती जमीन बहुधा अर्ध्या ते एक गुंठ्याच्या तुकड्याची. अशा तुकड्यांचे अधिकृत रेखांकन होत नाही, तेव्हा अनधिकृत होते; शेतजमीन स्टँपपेपरवर विकली जाते, रस्ते आठ-दहा फुटांचे राहतात आणि पाण्याची वाहिनी पंधरा वर्षांनी येते. ही गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले अनधिकृत तुकडे, नियमित करण्यासाठी 2001 मध्ये कायदा करावा लागला आणि त्याची कालमर्यादा पुढे 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवावी लागली. नियमित करण्याचा खर्च पुन्हा त्याच कुटुंबांवर पडला.

यावर नकाशातला उपाय म्हणजे शहराच्या कडेच्या ज्या भागात अशी विक्री सुरू झाली आहे, तेथे नगररचना योजना प्रस्तावित करण्याची मागणी. या योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, मोकळ्या जागा व सुविधा आखल्या जातात, प्रत्येकाला आकाराने लहान पण विकसित अंतिम भूखंड परत मिळतो आणि दहा टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी बाजूला काढता येते. भूसंपादनाचा पैसा नसलेल्या नगरपरिषदेला हा मार्ग खरोखर परवडतो. वेळ मात्र लागतो, हे मालकांना आधीच सांगावे.

वीस टक्क्यांची अट कोठे आहे, कोठे नाही

दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांत 4000 चौरस मीटर व त्यावरील गृहप्रकल्पाला मूळ निर्देशांकाच्या 20 टक्के बांधकाम 30 ते 50 चौरस मीटरच्या घरांसाठी द्यावे लागते आणि त्यांचे वाटप म्हाडाच्या सोडतीतून होते. नेमक्या 4000 चौरस मीटरच्या भूखंडावर मूळ निर्देशांक 1.1 धरला तर ही घरे 880 चौरस मीटरची होतात. 40 चौरस मीटरप्रमाणे बावीस. मोजके असले तरी या बावीस घरांचे मालक शहराच्या मध्यावर राहतात, ही बाब मोलाची आहे.

सोलापूरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे साडेनऊ लाख होती, म्हणजे ते दहा लाखांच्या रेषेखाली राहिले. कोल्हापूर, सांगली, लातूर, जळगाव तर कितीतरी खाली. अशा शहरांतील सर्वसाधारण सभेने आपल्या हद्दीत ही तरतूद लागू करावी असा प्रस्ताव शासनाकडे पाठवणे हे उजव्या रकान्यातले पहिले काम. प्रस्तावात 4000 चौरस मीटरची मर्यादा आपल्या शहराच्या भूखंडांच्या आकारमानानुसार खाली आणण्याचाही विचार व्हावा. ज्या गावात एवढा मोठा प्रकल्प वर्षात एखादाच येतो, तेथे अट कागदावरच राहील. शिवाय एकाच मालकाच्या सलग जमिनीचे तुकडे पाडून मर्यादेखाली राहण्याची वाट बंद करणारे वाक्य त्यात असावे.

सोलापूरचेच दुसरे उदाहरण वेगळ्या कारणासाठी आठवते. विडी कामगार आणि असंघटित कामगारांसाठी शहराबाहेर कुंभारी येथे हजारो घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी रे नगरमधील पहिल्या 15,000 घरांचे वितरण जानेवारी 2024 मध्ये झाले. विडीचे काम पाने आणि तंबाखू घरी आणून करता येते, त्यामुळे काही कुटुंबांना अंतर पेलते. पण धुणी-भांडी करणाऱ्या बाईला, हमालाला किंवा दुकानातल्या मुलाला रोजचे भाडे आणि वेळ परवडत नाही. हिरव्या पट्ट्यातली स्वस्त जमीन पाहून हुरळून जाण्याआधी, तेथून बाजारपेठेपर्यंत पहाटे पाच वाजता काय चालते, याची चौकशी करावी.

पार्किंग आणि अधिमूल्य

एका मोटारीची जागा 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. वळण्या-निघण्याचा मार्ग धरला की ती साधारण दुप्पट होते. म्हणजे 30 चौरस मीटरच्या घराइतकीच जवळपास जागा एका मोटारीला. नियमावलीत घराच्या क्षेत्रफळानुसार प्रमाण बदलते आणि लहान घरांना ते कमीही आहे. तरीही बसथांब्याजवळच्या, केवळ लहान घरांच्या इमारतींना ते आणखी कमी करावे आणि दुचाकी व सायकलींपुरतेच ठेवावे, अशी मागणी शासनाकडे करता येईल. त्याच निवेदनात, 40 चौरस मीटरपर्यंतच्या घरांसाठी वापरलेल्या वाढीव क्षेत्रावरचे अधिमूल्य माफ करण्याची मागणी जोडावी. महापालिका उत्पन्न बुडेल म्हणून कुरकुर करील. मोठ्या घरांवरच्या अधिमूल्यातून ती तूट भरून काढण्याची सूचना तयार ठेवावी.

एका शब्दाचे मोल

मुंबईच्या 1991 च्या नियमावलीतील नियम 58 नुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 च्या फेरबदलानंतर वाटणी सगळ्या जमिनीची न राहता मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या भागावर शेड, गोदामे आणि चिमण्या उभ्या होत्या, तो हिशेबाबाहेर गेला. गिरण्यांच्या आवारात इमारतींनीच बहुतेक जागा व्यापलेली असल्याने घरांच्या वाट्याला येणारी जमीन आक्रसली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हा फेरबदल कायम ठेवला. पुढे 2016 च्या सोडतीत लालबाग-परळच्या गिरण्यांत आयुष्य घालवलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरे लागली ती पनवेलजवळच्या कोनमध्ये.

म्हणून शासनाची फेरबदलाची अधिसूचना वाचताना व्याख्यांवर बोट ठेवून वाचावे. ‘भूखंड’, ‘निव्वळ भूखंड’, ‘मोकळी जमीन’ आणि ‘मूळ निर्देशांक’ या शब्दांत कोट्यवधींचा फरक असतो. आपली सूचना लिहितानाही टक्केवारी कशाची, हे स्पष्ट लिहावे.

सूचना लिहिताना

एका नगरपरिषदेच्या सुनावणीला मी चार पानांचे निवेदन घेऊन गेलो होतो. समितीतील एका सदस्याने ते चाळले आणि विचारले, “गट नंबर कुठे आहे?” तो नव्हता. गरिबांच्या घरांविषयी चार पाने होती, पण नकाशावर बोट ठेवण्याजोगी एकही जागा नव्हती. सुनावणी दोन मिनिटांत आटोपली. त्यानंतर मी एका सूचनेत एकच जागा आणि एकच मागणी ठेवू लागलो. मसुदा साधारण असा असावा:

“मौजे ……, गट क्र. ……, क्षेत्र सुमारे 1.2 हेक्टर, ही जमीन प्रारूप विकास आराखड्यात शेती विभागात दर्शविली आहे. या जमिनीच्या पूर्वेस व दक्षिणेस विद्यमान रहिवास असून उत्तरेस 12 मीटर रुंदीचा रस्ता व पाण्याची मुख्य वाहिनी आहे. आराखड्याच्या अहवालातील पृष्ठ …… वर अल्प उत्पन्न गटासाठी …… घरांची गरज नमूद आहे. त्यासाठी या प्रभागात जमीन प्रस्तावित नाही. सबब सदर जमीन रहिवास विभागात समाविष्ट करावी आणि या समावेशाची अट म्हणून तिच्यावरील मूळ चटई क्षेत्र निर्देशांकाच्या 20 टक्के बांधकाम 30 ते 50 चौरस मीटर क्षेत्राच्या सदनिकांसाठी राखावे.”

सोबत भाग नकाशा, जागेचे छायाचित्र आणि सह्या. शंभर जणांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या जागांविषयी लिहिले तर समितीला त्यांची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्यावी, कारण सुनावणीची नोटीस त्या क्रमांकावरच येते.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. मिळणारा वेळ थोडाच असतो, म्हणून भाषण टाळावे, नकाशा पुढे सरकवावा आणि मागणीचे शेवटचे वाक्य वाचून दाखवावे. शेजारच्या वसाहतीतील लोक विरोधात येण्याची शक्यता असते. गर्दी, पाणी आणि वाहतूक हे त्यांचे आक्षेप ठरलेले असतात. त्यांना गरीबद्वेष्टे म्हणून हिणवल्याने काही साधत नाही. नळाला किती दाबाने पाणी येते याची नोंद आणि प्रस्तावित टाकीचा नकाशा हाताशी असला तर निम्मा विरोध मावळतो.

आराखडा शासनाकडे गेल्यानंतरही काम संपत नाही. मंजुरीच्या वेळी शासनाला सारभूत स्वरूपाचे बदल सुचवायचे असतील तर तेवढा भाग वगळून पुन्हा हरकती मागवल्या जातात. घरांचे आरक्षण गुपचूप उठते ते बहुधा या टप्प्यावर, म्हणून वगळलेल्या भागाची यादी आपल्या गट क्रमांकांशी ताडून पाहावी. आराखड्याची वेळ टळली असेल तर कलम 37 खालील किरकोळ फेरबदलाचा मार्ग खुला असतो. त्यात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्यात हरकती द्यायच्या असतात. याच कलमाखाली आरक्षण बदलण्याचे प्रस्तावही येत राहतात, त्यामुळे वर्तमानपत्रातील जाहीर सूचनांचे पान रोज पाहणारा एक माणूस मंडळात हवा.

आरक्षणाच्या बाबतीत आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवावी. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. आठव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकात त्या जमिनीसाठी तरतूद मागावी. टीडीआर किंवा समावेशक आरक्षणाच्या (मालकाने आरक्षित सुविधा बांधून द्यायची आणि उरलेली जागा स्वतः विकसित करायची) बदल्यात ती मिळवता येईल का, हेही नगररचना विभागाला लेखी विचारावे.

वीस टक्क्यांची घरे बांधून झाली का, हे तपासण्यासाठी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: 4000 चौरस मीटरवरील मंजूर प्रकल्पांची यादी, त्यांतील लहान घरांची संख्या आणि ती म्हाडाला कळवल्याच्या पत्रांच्या प्रती. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी ही मागणी पोहोचली तर उपयोग होतो. प्रमाणपत्र हाती पडल्यावर विकासकाला घाई उरत नाही.